झळाळीचा जमाखर्च

खंडेनवमीला आमच्या बिद्रीत औतांबरोबर मोटारींचीही पूजा होते. अलीकडे त्यांत एखादी नवी कोरी स्पोर्ट्‌स मोटार असली, की तिच्या रंगाला पॉलिश करण्याचे यंत्र फिरते, चाकांतली ब्रेकची काळी धूळ निघते. मला त्या झळाळीमागचा इतिहास खुणावतो.

१९२० च्या सुमारापर्यंत मोटारींना घोडागाड्यांप्रमाणे कुंचल्याने वार्निशाचे हात देत. वाळायला आठवडेच्या आठवडे जात. १९२३ साली अमेरिकेत ‘ड्यूको’ हा फवाऱ्याने मारायचा रंग निघाला आणि ते काम दिवसांवर आले. या जातीच्या रंगाला ‘लॅकर’ म्हणतात. गंमत अशी, की हा शब्द आपल्याच ‘लाक्षे’चा, म्हणजे लाखेचा वंशज. रंगात लाख नाही. नाव तेवढे उरले.

आता दुसरी गोष्ट. मेण रंगावर थर चढवते. पॉलिश थर खरवडते. ओरखडा भरून येत नाही, भोवतीचा रंग झिजून त्याच्या पातळीला येतो. आजच्या मोटारीवरचा पारदर्शक थर साधारण ४०-५० मायक्रॉनांचा, केसाहूनही पातळ. झळाळी मिळते ती या तुटपुंज्या भांडवलातून.

कोल्हापूरच्या राजाराममहाराजांची १९३६ ची मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्यात लोकांनी डोळे भरून पाहिली आहे. अशा जुन्या गाडीवर मूळ रंग टिकला, तर तो दस्तऐवजच होय. आणि दस्तऐवज कोणी दर वर्षी घासत नाही. नव्या गाडीचाही उद्या इतिहास होणार आहे. तेव्हा वाचकहो, धुवावे वरचेवर, पॉलिश करावे क्वचित.