ठासणीच्या बंदुकीची नळी

आपल्या अंधेरी-घाटकोपरच्या चाळींत राहणाऱ्या पुष्कळांचे गाव कोकणात आहे, आणि ठासणीची बंदूक त्यांनी गावी पाहिलेली आहे. तोंडातून दारू ओतायची, चिंधी ठासायची, छर्रे सोडायचे, पुन्हा गजाने ठासायचे, मागे टोपी बसवायची. एका बारासाठी एवढा खटाटोप! रानडुक्कर काही तोवर थांबत नाही. अशा बंदुकीने राज्य उलथत नाही. तरी तिच्या नळीची काळजी राज्यकर्ते वाहत आले आहेत.

लांब नळीला कारण आहे. काळी दारू नळीत जळत जाते आणि तिच्या वायूचा रेटा गोळीला तोंडापर्यंत ढकलीत असतो. नळी फार आखूड केली तर उरलेली दारू बाहेर भडकून वाया जाते, गोळीचा वेग घटतो. शिवाय आट्यांच्या नळीवर करवत तिरकी चालली, तर वायू एका अंगाने आधी निसटतो आणि गोळी भरकटते. मुलुंड-भांडुपच्या कारखान्यांत ज्यांच्यामध्ये मी युनियनचे काम केले, त्या टर्नरांना हे सांगावे लागत नाही. पण आखूड नळी झुडपात अडकत नाही, मचाणावर बसल्या बसल्या ठासता येते, हेही खरे. अन् ती धोतरात लपते, हेही.

इंग्रज सरकार ही मोजमापे जाणून होते. 1857 मध्ये जिच्या काडतुसांवरून काहूर उठले, त्या 1853 च्या नमुन्याच्या एन्फिल्डची नळी 39 इंचांची. आखूड रायफल 33 इंचांची. घोडदळाची कार्बाइन 21 इंचांची. उठावानंतर हिंदी शिपायांच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत ठेवली, म्हणजे दूरचा नेम साधू नये! पुढे 1878 चा हत्यारांचा कायदा आला. परवाना हिंदी माणसाला, युरोपियनाला सूट. 1930 साली गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीच्या परवान्याची मागणी होती. अहिंसेच्या उपासकाने ती मागावी, यावरून त्या अपमानाची खोली कळते.

स्वराज्यात 1959 चा कायदा झाला, 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला. त्यात शेतकऱ्याची आठवण ठेवलेली आहे. संरक्षणाच्या वा शिकारीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीला किमान 20 इंचांची अट. पिकाच्या राखणीसाठी मात्र ठासणीची बंदूक सांगितली, आणि तिला इंचांची अट घातली नाही. तेवढ्यावरून कोणी करवत हाती घेऊ नये. सहावे कलम सांगते की, परवान्यावाचून कोणत्याही बंदुकीची नळी आखूड करायची नाही. या गुन्ह्याला पूर्वी तीन ते सात वर्षे कैद होती. 2019 च्या दुरुस्तीने ती सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत गेली.

दरोडेखोरासाठी एवढी कडक शिक्षा असावी, याला माझी ना नाही. पण वर्षानुवर्षे गज घासून झिजलेले, फुटलेले तोंड चार बोटे कापून देणारा गावचा लोहार त्याच कलमात सापडतो. हेतूचा भेद त्या शब्दांत नाही. हा भेद कायद्यात यायला हवा, असे माझे मत आहे. तोवर गावी कुणाच्या बंदुकीचे तोंड फुटले असेल, तर त्याला एवढेच कळवा की लोहाराकडे जाण्याआधी परवान्याचा अर्ज घेऊन जिल्ह्याच्या कचेरीत जावे.