वॉशिंग्टनचा गोरा संघ

मैदानावर जात नसते, वर्ण नसतो, तिथे फक्त गुण चालतो, असे आपल्याला शाळेपासून ऐकवले जाते. ऐकवणारे बहुधा तेच असतात, ज्यांना मैदानात शिरताना कोणी अडवलेले नसते. बाळू पालवणकरांसारख्या गोलंदाजाला हिंदू संघाच्या कर्णधारपदापासून दूर ठेवले गेले, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या विधानाचा पोकळपणा वेगळा समजावून द्यायला नको. मी इथे मांडतो आहे तो इतिहास मात्र अमेरिकेतल्या एका व्यावसायिक फुटबॉल संघाचा आहे. (हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात धरून धावण्याचा, फेकण्याचा, अंगावर धडकण्याचा तो खेळ.)

जॉर्ज प्रेस्टन मार्शल हा वॉशिंग्टनमधल्या लाँड्र्यांचा मालक. १९३२ साली त्याने बोस्टन शहरात संघ काढला. पहिल्या वर्षी नाव होते ब्रेव्ह्ज. १९३३ मध्ये ते रेडस्किन्स झाले. रेडस्किन म्हणजे लाल कातडीचा. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना हिणवण्यासाठी वापरला गेलेला हा शब्द. ज्यांच्या जमिनी घेतल्या, ज्यांना राखीव प्रदेशांत कोंडले, त्यांच्या कातडीचा रंग गोऱ्यांच्या करमणुकीचे बोधचिन्ह झाला. १९३७ साली संघ वॉशिंग्टनला आला आणि त्याच वर्षी विजेता ठरला. १९४२ मध्ये पुन्हा विजेतेपद मिळाले. वाद्यवृंद, संघाचे गीत, पिसांचे टोप असा सारा थाट मार्शलने उभा केला. धंद्यात तो हुशार होता, यात शंका नाही.

या व्यावसायिक लीगचा आरंभ १९२० चा. आरंभी तिथे काळे खेळाडू होते. फ्रिट्झ पोलार्ड १९२१ मध्ये ॲक्रनच्या संघाचे खेळाडू आणि प्रशिक्षकही होते. पण १९३३ चा हंगाम संपला आणि १९३४ ते १९४५ या बारा वर्षांत एकही काळा खेळाडू मैदानात उतरला नाही. तसा लेखी नियम कोणाला सापडलेला नाही. आपल्या गावच्या पाणवठ्यावर तरी कुठे पाटी लावलेली असे? मालकांच्या या मूक संगनमताचा सूत्रधार मार्शल होता, असे अनेक अभ्यासक मानतात.

ही बंदी १९४६ मध्ये लॉस एंजेलिसला फुटली. तिथला संघ सार्वजनिक मालकीच्या स्टेडियममध्ये खेळू पाहत होता. काळ्या पत्रकारांनी नेमका तोच धागा धरला : स्टेडियम जनतेच्या पैशाचे, मग काळी जनता त्यातून वगळली कशी? केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना करारबद्ध करणे संघाला भाग पडले. पुढे १९५२ पर्यंत बाकीच्या सर्व संघांनी काळे खेळाडू घेतले. राहिला फक्त राजधानीचा संघ.

मार्शलचे समर्थन व्यापारी होते. त्याचा संघ तेव्हा सर्वांत दक्षिणेकडचा. दक्षिणेतल्या राज्यांत त्याने रेडिओ-टेलिव्हिजनचे जाळे विणले होते आणि तिथला गोरा प्रेक्षक काळा खेळाडू सहन करणार नाही, असा त्याचा हिशेब. संघगीतात दक्षिणेच्या गुलामशाहीची याद जागवणारा ‘डिक्सी’ हा शब्दही काही काळ होता. शर्ली पोविच हे वॉशिंग्टन पोस्टचे क्रीडालेखक वर्षानुवर्षे त्याची खिल्ली उडवत राहिले. काळ्यांच्या वृत्तपत्रांतून सॅम लेसी प्रहार करत राहिले. मार्शल ढिम्म. १९६० च्या हंगामात संघाने एक सामना जिंकला, १९६१ च्या हंगामातही एकच. गुण हाच निकष असता, तर इतक्या पराभवांनंतर कोणताही मालक शहाणा झाला असता. इथे मालकाने पराभव पत्करला, काळा माणूस पत्करला नाही.

मग त्याला नमवले कशाने? जमिनीने. वॉशिंग्टनमध्ये नवे स्टेडियम बांधले जात होते आणि मार्शलने तीस वर्षांचा भाडेकरार केला होता. ती जमीन राष्ट्रीय उद्यानांच्या व्यवस्थेखालची, म्हणजे केंद्राच्या गृहव्यवस्था खात्याच्या अखत्यारीतली होती. केनेडी सरकारात या खात्याचे मंत्री होते स्ट्युअर्ट उडाल. २४ मार्च १९६१ रोजी त्यांनी मार्शलला कळवले की, सरकारी जमीन वापरणाऱ्याला नोकरभरतीत भेदभाव करता येणार नाही. मार्शलने आधी थट्टा केली. अमेरिकन नाझी पक्षाची माणसे त्याच्या बाजूने फलक घेऊन उभी राहिली. उडाल हटले नाहीत. लीगचे आयुक्त पीट रोझेल यांनी मध्यस्थी केली आणि येत्या डिसेंबरच्या निवडीत काळा खेळाडू घेण्याचे मार्शलने मान्य केले.

डिसेंबरमध्ये पहिली निवड झाली सिरॅक्यूज विद्यापीठाच्या एर्नी डेव्हिस यांची. क्लीव्हलँडच्या संघाला ते देऊन त्या बदल्यात बॉबी मिचेल आणि लीरॉय जॅक्सन घेतले गेले. (डेव्हिस यांना रक्ताचा कर्करोग झाला. एकही व्यावसायिक सामना न खेळता १९६३ मध्ये ते वारले.) १९६२ च्या पहिल्याच सामन्यात डॅलसविरुद्ध मिचेल चेंडू घेऊन ९२ यार्ड धावत गेले. त्या हंगामात ७२ झेल आणि १३८४ यार्ड घेऊन ते लीगमध्ये पहिले आले. एका सामन्यावरून संघ पाच विजयांवर गेला. मिचेल यांनी पुढे सांगितलेली एक हकीकत मला या आकड्यांहून मोठी वाटते : स्वागताच्या जेवणात वाद्यवृंद ‘डिक्सी’ वाजवत होता आणि मालकाने त्यांना तेही गायला सांगितले. दार उघडले तरी उंबरठ्यावर वाकायला लावायचे, ही रीत आपल्या ओळखीची आहे.

मार्शलचे मन पालटले असे म्हणणाऱ्यांनी त्याचे मृत्युपत्र पाहावे. तो १९६९ मध्ये वारला. मुलांच्या कल्याणासाठी त्याने न्यास ठेवला, पण वांशिक एकीकरणाला कोणत्याही रूपात साह्य करणाऱ्या कामाला त्यातून पैसा मिळू नये, अशी अट घातली. ती न्यायालयाने रद्द केली. उडाल हृदयपरिवर्तनाची वाट पाहत बसले असते तर?

पण उडाल यांच्या विजयातच एक उणे आहे आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मूळ रहिवाशांचा कारभारही त्यांच्याच खात्याकडे होता. त्यांच्या पत्राचा विषय मात्र नोकरीतला भेदभाव होता, संघाचे नाव नव्हे. काळा खेळाडू आत आला तो लाल माणसाचा अपमान छातीवर मिरवणारा सदरा घालून. एका बहिष्कृताच्या प्रवेशाने दुसऱ्याची अवहेलना थांबत नाही. ३१ जानेवारी १९८८ रोजी डग विल्यम्स हे सुपर बोल जिंकणारे पहिले काळे क्वार्टरबॅक ठरले, सामन्याचे सर्वोत्तम खेळाडूही तेच. त्यांच्या शिरस्त्राणावरही ते चित्र होतेच.

मूळ रहिवासी गप्प नव्हते. १९७२ मध्ये त्यांचे शिष्टमंडळ संघाच्या अध्यक्षांना भेटले. गीताचे शब्द थोडे बदलले, नाव राहिले. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपण काळ्या अमेरिकेकडून नाव घेतले. लाल अमेरिकेकडे आपले लक्ष त्या मानाने कमीच गेले, असे मला वाटते. १९९२ मध्ये सुझन हार्जो आणि इतरांनी नावाची व्यापारचिन्ह-नोंदणी रद्द करण्यासाठी अर्ज केला. १९९९ मध्ये त्या जिंकल्या, पुढे न्यायालयात हरल्या. अमांडा ब्लॅकहॉर्स यांच्या अर्जावर २०१४ मध्ये पुन्हा नोंदणी रद्द झाली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच एका खटल्यात कायद्याचे ते कलमच घटनाबाह्य ठरवले आणि पंचवीस वर्षांची लढाई कागदावर संपली. २०१३ मध्ये तेव्हाचे मालक डॅन स्नायडर यांनी नाव कधीच बदलणार नाही असे सांगितले होतेच.

मग मे २०२० मध्ये मिनिआपोलिसच्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड यांना मारले आणि देश रस्त्यावर उतरला. स्टेडियमला जिचे नाव होते त्या फेडेक्स कंपनीने नाव बदलण्याची मागणी केली. इतर पुरस्कर्तेही मागे लागले. जुलैमध्ये नाव गेले. २०२२ पासून संघ कमांडर्स म्हणवतो. १९६१ मध्ये जमीन हलली होती, २०२० मध्ये पैसा हलला. पण दोन्ही वेळा आधी माणसे हलली होती.

जून २०२० मध्ये जुन्या स्टेडियमबाहेरचे मार्शलचे स्मारक काढले गेले आणि नव्या स्टेडियममधल्या खालच्या सज्ज्याला असलेले त्याचे नाव पुसून बॉबी मिचेल यांचे देण्यात आले. ते पाहायला मिचेल नव्हते. ५ एप्रिललाच ते वारले होते. खेळ थांबवल्यावर त्यांनी २००३ पर्यंत संघाच्या कचेरीत काम केले. संघाचा कारभार चालवणारे मुख्य पद त्यांना कधी मिळाले नाही.