टूर द फ्रान्स : प्रवेशाची किल्ली कोणाकडे?

टूर द फ्रान्सचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या नावांनी सांगितला जातो. मला मात्र त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो : शर्यतीत कोणी उतरायचे, हे ठरवले कोणी? सायकलपटूच्या पायांत कितीही बळ असो, आज त्याला संघातूनच यावे लागते आणि त्या संघाला प्रवेश मिळावा लागतो.

आरंभी तसे नव्हते. १९०३ साली ‘लोतो’ या वर्तमानपत्राने खप वाढवण्यासाठी शर्यत जाहीर केली, तेव्हा माणसे मिळेनात. संपादक आंरी देग्रांज यांना प्रवेशशुल्क २० फ्रँकवरून १० वर आणावे लागले. अखेर ६० जण निघाले, २१ पॅरिसला पोहोचले. शर्यत एकेकट्याची असावी, हा देग्रांज यांचा हट्ट होता. पण सायकल बनवणाऱ्या कंपन्यांनी संघ उभे केले आणि शर्यत हळूहळू त्यांच्या हाती गेली. १९२९ साली अल्सियों कंपनीचा मोरिस द व्हाले आजारी असूनही सहकाऱ्यांच्या आधाराने जिंकला. देग्रांज संतापले. पुढच्याच वर्षी त्यांनी कंपन्यांचे संघ बाद करून राष्ट्रीय संघ आणले आणि सर्वांना कंपनीचे नाव नसलेल्या सारख्या सायकली दिल्या. खर्च आयोजकांवर आला. तो भरून काढण्यासाठी शर्यतीपुढे जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा निघू लागला. तो आजही निघतो.

राष्ट्रीय संघ ऐकायला न्याय्य वाटतात. पण फ्रान्समध्ये चांगले सायकलपटू फार, राष्ट्रीय संघात जागा थोड्या. उरलेल्यांसाठी प्रादेशिक संघ काढले गेले. अशाच एका संघातून आलेला रॉजे व्हालकोव्हियाक १९५६ मध्ये चक्क विजेता ठरला. १९५९ मध्ये या व्यवस्थेची दुसरी बाजू दिसली. प्रादेशिक संघातला आंरी अंग्लाद आघाडीवर येऊ पाहत होता. राष्ट्रीय संघातल्या झाक आंकतील आणि रॉजे रिव्हिएर यांनी त्याला साथ दिली नाही. स्पेनचा फेदेरिको बाहामोंतेस जिंकला, अंग्लाद दुसरा आला. मला यात केवळ हेवा दिसत नाही. टूरचे तीन आठवडे अंगावर देशाची जर्सी असली, तरी वर्षभराची कमाई कंपन्या आणि दलाल यांच्यावर अवलंबून होती. १९६२ मध्ये कंपन्यांचे संघ परतले. १९६७ आणि १९६८ अशी दोन वर्षे राष्ट्रीय संघांचा प्रयोग पुन्हा झाला, मग तो कायमचा संपला.

त्यानंतरचा झगडा आयोजक आणि आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघ यांच्यातला. महासंघाने २००५ मध्ये ‘प्रो टूर’ सुरू केली. परवानाधारक संघांना मोठ्या शर्यतींत हमखास प्रवेश मिळावा, हा तिचा हेतू. आयोजकांना आपला हक्क सोडवेना. २००८ मध्ये त्यांनी अस्ताना संघाला बोलावलेच नाही. आदल्या वर्षीचे उत्तेजकांचे प्रकरण हे कारण. पण आदल्या वर्षीचा विजेता अल्बेर्तो कोंतादोर आता त्याच संघात होता, आणि ते प्रकरण घडले तेव्हा तो तिथे नव्हता. त्याला घरी बसावे लागले. त्याच वर्षी त्याने इटली आणि स्पेन या दोन्ही देशांच्या महाशर्यती जिंकल्या.

आज अव्वल श्रेणीच्या १८ संघांना थेट प्रवेश आहे. ही श्रेणी तीन वर्षांच्या गुणांवर ठरते. २०२५ पर्यंत दुय्यम श्रेणीतल्या पहिल्या दोन संघांनाही निमंत्रण मिळत असे. प्रत्येक संघात आठ जण. म्हणून गुण घसरू लागले की नामवंत सायकलपटूही गुणांसाठी छोट्या शर्यतींना पाठवले जातात. २०२२ अखेर बेल्जियमचा जुना लोटो संघ अव्वल श्रेणीतून घसरला. मात्र दुय्यम श्रेणीतल्या हक्काच्या जागेवरून २०२३ च्या टूरमध्ये आला.

प्रत्येक नवा नियम आधीच्या अन्यायावर उपाय म्हणून आला आणि येताना स्वतःचा अन्याय घेऊन आला, असे मला वाटते. गुणांच्या तक्त्यातही आयोजकांनी आपल्या मर्जीच्या दोन जागा राखल्या होत्या. २०२५ मध्ये त्या तीन झाल्या.