ट्रॅक्टरचा कणा आणि क्लच

बैलांच्या नांगराला क्लच लागत नाहीं. थांबण्याचा इशारा मिळाला कीं बैल थांबतात, आणि शेपटीला हात लागतांच पुन्हां चालूं लागतात. तेलावर चालणाऱ्या एंजिनाला ही समज नसते. तें एकदां सुरू झालें कीं फिरतच राहिलें पाहिजे. उभ्या स्थितींत त्याच्यांत ओढण्याचें बळ मुळींच नसतें. म्हणून फिरतें एंजिन आणि उभीं चाकें यांच्यामध्यें अशी एक जोड लागते, कीं जी पाहिजे तेव्हां तोडतां यावी व पाहिजे तेव्हां हळूहळू जुळवितां यावी. या जोडीलाच क्लच म्हणतात. तिचें काम घर्षणावर चालतें. म्हणून ती झिजते, आणि झिजली कीं बदलावी लागते. यांत नवल कांहींच नाहीं. परंतु विसाव्या शतकांतील एका अत्यंत लोकप्रिय ट्रॅक्टरचा क्लच बदलावयाचा तर सबंध ट्रॅक्टर मधोमध दुभंगावा लागतो. असें कां व्हावें, हा प्रश्न, श्रोतेहो, केवळ कारागिरीचा नाहीं; तो इतिहासाचाहि आहे.

पेट्रोलवर चालणारे प्रारंभींचे ट्रॅक्टर अमेरिकेंत जन्मास आले. आयोवा राज्यांत जॉन फ्रोलिक यानें १८९२ मध्यें पुढें व मागें दोन्हीकडे चालणारें असें यंत्र बनविलें. त्या काळच्या यंत्रांची ठेवण बैलगाडीसारखी होती. खालीं पोलादी तुळयांचा सांगाडा, आणि त्यावर एंजिन, दांतेचक्रें व क्लच हे भाग वेगवेगळे बसविलेले. एखादा भाग बिघडला तर तेवढाच काढावा. सोय मोठी होती, पण सांगाड्याचें वजन फार, किंमतहि फार, आणि उघड्या दांतेचक्रांत माती सहज शिरे. लहान शेतकऱ्यास असें कित्येक टनांचें धूड पेलण्यासारखें नव्हतें.

या अडचणींतून एक धाडसी कल्पना निघाली. सांगाडा हवाच कशाला? १९१३ च्या ‘वॉलिस कब’ या ट्रॅक्टरांत सांगाड्याऐवजीं वांकविलेल्या पोलादी पत्र्याची पन्हळीसारखी पाठ वापरली होती. हेन्री फोर्डच्या ‘फोर्डसन’नें १९१७ मध्यें त्याच्याहि पुढें मजल मारली. एंजिनाची बिडाची पेटी, गीअरबॉक्सची पेटी आणि मागच्या आंसाची पेटी या तिन्ही एकमेकींस बोल्टांनीं घट्ट जोडल्या, कीं त्यांचाच ट्रॅक्टरला कणा व्हावा! वजन घटलें, किंमत उतरली, दांतेचक्रें बंद पेटींत तेलांत फिरूं लागलीं. १९२३ या एकाच वर्षीं लाखाहून अधिक फोर्डसन तयार झाले, व १९२८ पर्यंत अमेरिकेंत त्यांची संख्या सात लाखांच्या वर गेली. मात्र क्लचची जागा एंजिन व गीअरबॉक्स यांच्या सांध्यांत, म्हणजे नेमकी कण्याच्या पोटांत आली. लोकांनीं स्वस्ताई पाहिली. सांध्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं.

ही रचना कळसास नेली ती हॅरी फर्ग्युसन यांनीं. आयर्लंडच्या डाउन परगण्यांतील एका शेतकऱ्याचा हा मुलगा १८८४ मध्यें जन्मला. १९३८ मध्यें फोर्ड व फर्ग्युसन यांनीं केवळ हस्तांदोलन करून करार केला, आणि पुढच्याच वर्षीं त्यांचा संयुक्त ट्रॅक्टर बाहेर पडला. तो स्नेह तुटण्याच्या सुमारास, १९४६ मध्यें, इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें स्टँडर्ड मोटर कंपनीच्या बॅनर लेन कारखान्यांत ‘टीई-२०’ हा करड्या रंगाचा लहानसा फर्ग्युसन तयार होऊं लागला. वजन एक टनाहून थोडेंसें अधिक, आणि मागें औजार उचलण्याची तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा. १९५६ पर्यंत असे पांच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बाहेर पडले. त्याचा कणा किती मजबूत होता, याची साक्ष दक्षिण ध्रुवानें दिली आहे. एडमंड हिलरी व त्यांचे सोबती ४ जानेवारी १९५८ रोजीं याच जातीच्या ट्रॅक्टरांवरून ध्रुवावर पोहोंचले.

फर्ग्युसन यांची दृष्टि शेतकऱ्याची होती. ट्रॅक्टरबरोबर मिळणाऱ्या एका पान्यानें औजारें जोडणें, चाकांचें अंतर बदलणें इत्यादि बहुतेक नित्याचीं कामें होत. त्या पान्यावर इंचांच्या खुणाहि कोरलेल्या असत, कारण शेतांत मोजपट्टी कोठून आणावी? परंतु इतका विचार करणाऱ्या या पुरुषाच्या यंत्रांतहि क्लचपर्यंत पोहोंचण्यास तो एक पाना पुरा पडत नाहीं.

हा क्लच नऊ इंच व्यासाच्या एका कोरड्या तबकडीचा असतो. एंजिनाचें जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, आणि स्प्रिंगांनीं दाबलेली प्रेशर प्लेट यांच्या चिमट्यांत ती सांपडली कीं तिच्याबरोबर गीअरबॉक्सचा दांडा फिरूं लागतो. पायानें पेडल दाबलें कीं चिमटा सैल होतो. तबकडीवरील अस्तर झिजलें किंवा त्यावर तेल ओघळलें, तर एंजिन ओरडतें पण नांगर पुढें सरकत नाहीं. पेडलवर सदोदित पाय ठेवून चालविण्याची खोड हें अकालीं झिजेचें एक मोठें कारण होय.

तबकडी बदलण्याचें काम सपाट व टणक जमिनीवर करावें लागतें. बॅटरी तोडून बॉनेट, विजेच्या तारा, पुढच्या चाकांकडे जाणारे स्टिअरिंगचे दांडे आणि पुढील आंसास मागून धरणारे दांडे सोडवावे लागतात. खरा धोका यापुढें असतो. खांचखळग्यांत चाकें वरखालीं व्हावीं म्हणून पुढील आंस मध्यावर डुलता ठेवलेला असतो. पुढचा भाग मागच्यापासून सुटला कीं त्याला सरळ उभें ठेवणारें कांहींच उरत नाहीं, व एंजिन एका अंगावर कलंडूं शकतें. म्हणून जाणता मिस्त्री बोल्टांस हात लावण्यापूर्वीं आंस व एंजिन यांच्यामधील फटींत दोन्ही बाजूंनीं लांकडी पाचरी ठोकतो, आणि दोन्ही भागांखालीं भक्कम आधार देतो. मग सांध्याचे बोल्ट काढून एक भाग जपून दूर लोटतात. प्रेशर प्लेटचे बोल्ट आळीपाळीनें थोडे थोडे सैल केले म्हणजे तबकडी हातांत येते.

एवढा खटाटोप झाल्यावर केवळ तबकडी बदलून थांबणें शहाणपणाचें नव्हे. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग, पेडलनें ढकललें जाणारें बेअरिंग आणि तेल अडविणारें सील हीं सर्व त्याच वेळीं पाहावींत. नाहीं तर थोड्या पैशांच्या सीलसाठीं पुन्हां कणा दुभंगावा लागेल. नवी तबकडी नेमकी मध्यावर बसवावी लागते. दोन्ही भाग जुळवितांना हॅण्डलनें एंजिन किंचित् फिरवावें, म्हणजे दांड्याचे खांचे तबकडींत आपोआप शिरतात. बोल्ट आवळून ते जबरीनें ओढल्यास नवी तबकडी तेथेंच वांकडी होते.

आणखी एक गोष्ट प्राणांशीं निगडित आहे. जुन्या क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांत गेल्यास पुढें अनेक वर्षांनीं असाध्य रोग उद्भवतात. ब्रिटनमध्यें ॲस्बेस्टॉसच्या वापरावर १९९९ मध्यें बंदी आली. पण जुन्या ट्रॅक्टरांच्या पोटांतील धूळ कायद्यानें नाहींशी होत नाहीं. ती हवेच्या झोतानें कधींहि उडवूं नये. ओल्या फडक्यानें टिपावी.

मग दुसरा मार्ग नव्हताच काय? होता. जॉन डीअर कंपनीच्या १९३४ मध्यें निघालेल्या ‘ए’ नमुन्यांत एंजिन आडवें बसविलेलें होतें, व क्लच त्याच्या दांड्याच्या एका टोंकास, पट्ट्याच्या चाकांत बाहेरच होता. तो हातानें चालवावा लागे. पण त्याच्या चकत्या बदलण्यास ट्रॅक्टर दुभंगावा लागत नसे. यावरून कळून येतें कीं दुरुस्तीची सोय किंवा गैरसोय मिस्त्रीच्या हातांत नसते. ती कागदावर पहिली रेघ ओढली जाते तेव्हांच ठरते.

टीई-२० मध्यें पेडल दाबलें कीं चाकांबरोबरच औजार फिरविणारा दांडा व औजार उचलणारा पंपहि थांबे. ही अडचण दूर करण्यासाठीं १९५६ च्या ‘फर्ग्युसन ३५’ मध्यें दुहेरी क्लचची सोय झाली. अर्धें पेडल दाबल्यास चाकें थांबावींत, पूर्ण दाबल्यास फिरता दांडाहि थांबावा. कण्याची रचना मात्र तीच राहिली. पुढें मॅसी-फर्ग्युसनच्या सहकार्यानें १९६० मध्यें मद्रास येथें टॅफे कंपनी निघाली, आणि त्या परंपरेंतले ट्रॅक्टर भारतीय शेतांत आले. महाराष्ट्रांतील शेतकरी त्यांस नुसतें ‘मॅसी’ म्हणून ओळखतो.

पेरणीचा वाफसा फार दिवस टिकत नाहीं. त्या दिवसांत क्लच घसरूं लागला, तर तबकडीच्या किंमतीहून बुडालेल्या दिवसांची किंमत जड होते. फोर्ड व फर्ग्युसन यांनीं सांगाडा काढून टाकला म्हणूनच ट्रॅक्टर लहान शेतकऱ्याच्या दारांत आला, हें विसरतां येणार नाहीं. परंतु त्या स्वस्ताईचा एक हप्ता कारखान्यांत फेडला गेला नाहीं. तो मिस्त्रीच्या छपराखालीं, दोन पाचरींच्या आधारावर, आजहि फेडला जात आहे.