मूठभर पिठाचा वाद

आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. इतिहासाच्या व्याख्यानात मूठभर पिठाला स्थान ते काय? लढाया, तह, राजे आणि त्यांचे मुत्सद्दी हा इतिहासाचा नेहमीचा परिवार. परंतु माणसे काय खातात, केव्हा लग्ने करतात, हातपाय कसे धुतात आणि घरातला केर कोठे टाकतात, याचाही एक इतिहास आहे. आणि या गोष्टींवर न्याय देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तर त्या इतिहासाच्या मुळाशीच आहे. तो प्रश्न नॉर्वेत एका लापशीच्या पातेल्यावरून उभा राहिला. आमच्या मुंबईत तो प्लेगात उभा राहिला, आणि देवनारला तो अजून उभाच आहे.

प्रथम नॉर्वेकडे जाऊ. 1865 च्या शिरगणतीत या देशाची वस्ती अवघी 17 लाखांच्या आसपास होती. देश डोंगराळ, शेती तुटपुंजी, हिवाळा दीर्घ; राज्य स्वीडनच्या राजाशी जोडलेले. तिथल्या शेतकऱ्याचे रोजचे अन्न म्हणजे ओट किंवा सातूच्या पिठाची लापशी. आपल्या कोकणात जशी पेज, देशावर जशी आंबील, तशीच ती गरिबाच्या घरची. ही लापशी शिजली की चुलीवरून उतरवण्याच्या सुमारास तिथली गृहिणी आणखी थोडे कोरडे पीठ तीत टाकी आणि घोटून एकजीव करी. आईने केले म्हणून लेकीने केले, एवढीच त्याची पोथी.

1864 साली या शेवटच्या पिठावर एका विद्वानाची दृष्टी गेली. पेटर क्रिस्टन अस्ब्यर्नसेन हे त्याचे नाव. नॉर्वेच्या लोककथा गोळा करणाऱ्या दोघा मित्रांपैकी हा एक. म्हणजे लोकांविषयी अनादर असलेला गृहस्थ नव्हे. त्याने टोपणनावाने एक पाकशास्त्राचे पुस्तक लिहिले आणि त्यात शास्त्राच्या आधारे असा निवाडा दिला की, हे शेवटचे पीठ कच्चेच राहते, ते अंगी लागत नाही, सबब देशातल्या बायका रोज धान्याची नासाडी करीत आहेत. घराघरातली मूठ मूठ एकत्र केली तर केवढे राष्ट्रीय नुकसान होते, याचा हिशेबही पुढे आला. गृहिणीचे अज्ञान हे देशाच्या दारिद्र्याचे एक कारण ठरले.

या निवाड्याविरुद्ध एकजण उभा राहिला. त्याचे नाव आइलर्ट सुंट. 1817 मध्ये फार्सुंड या लहानशा बंदरगावी, तेरा भावंडांच्या घरात तो शेंडेफळ म्हणून जन्मला. शिक्षणाने धर्मोपदेशक, परंतु 1850 पासून सरकारी अनुदानावर त्याने देश पालथा घालून भटके लोक, मजूर, कोळी आणि कुळे यांची राहणी लिहून काढण्याचे व्रत घेतले होते. या सुंटाचे म्हणणे साधे होते. शेकडो वर्षे, हजारो घरांत, ज्यांना धान्याच्या एकेका दाण्याची किंमत ठाऊक आहे अशा बायका जी गोष्ट करीत आल्या, ती निव्वळ मूर्खपणाची असणे संभवत नाही. तिला मूर्खपणा म्हणण्यापूर्वी ती का करतात, हे त्या बायकांना विचारले पाहिजे. त्याने ते विचारले आणि लिहिले. वर्तमानपत्रांत आणि पुस्तिकांतून हा वाद गाजला. नॉर्वेच्या इतिहासात तो ‘लापशीचे भांडण’ म्हणूनच ओळखला जातो.

बरेच विद्वान त्या वेळी अस्ब्यर्नसेनच्या बाजूचे होते, हे सांगितले पाहिजे. परंतु आम्हाला पिठाच्या रसायनापेक्षा सुंटाची रीत मोलाची वाटते. ती रीत त्याने यापूर्वीही एकदा वापरली होती, आणि तेथे तिचे यश निर्विवाद आहे. 1840 नंतर नॉर्वेत लग्नांची संख्या एकाएकी वाढली. प्रतिष्ठित मंडळी म्हणू लागली, गोरगरिबांना संयम उरला नाही. पोट भरण्याची सोय नसता हे लोक बोहल्यावर चढतात. सुंटाने 1855 च्या आपल्या ग्रंथात आकडे मांडून दाखविले की, नेपोलियनची युद्धे संपून 1815 मध्ये शांतता झाली तेव्हा पुष्कळ मुले जन्मली. ती पंचवीस-तीस वर्षांनी लग्नाच्या वयाची झाली. म्हणून लग्ने वाढली. लोकांची नीती बदलली नव्हती, लग्नाच्या वयाची माणसे वाढली होती. जन्मांची एक लाट एका पिढीनंतर पुन्हा लाट उठवते, हा सिद्धांत लोकसंख्याशास्त्रात आजही ‘सुंटचा नियम’ या नावाने शिकवला जातो.

1869 मध्ये त्याने नॉर्वेतील स्वच्छतेच्या रीतींवर पुस्तक लिहिले. डॉक्टर मंडळी खेड्यातल्या घाणीवर टीका करीत होती. सुंटाने गावोगावची माहिती मागवून घेतली आणि घरे, वस्त्रे, भांडी यांच्या रीतींमागची कारणे मांडली. त्याच वर्षी संसदेने त्याचे अनुदान बंद केले. तो आइड्सव्होल येथे धर्मोपदेशक म्हणून गेला आणि 1875 मध्ये तेथेच वारला.

आता आपल्या घराकडे वळू. सुंट नॉर्वेत हिंडत होता त्याच काळात, 1863 मध्ये, गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. बाजार, धंदे, सण, नाना जातींचे लोक आणि त्यांचे रोजचे व्यवहार एका मराठी माणसाने आपुलकीने टिपून ठेवले. लोकांच्या राहणीकडे पाहण्याची ती एक रीत झाली. दुसरी रीत मुंबईने तेहतीस वर्षांनी पाहिली.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. सरकारी मत असे पडले की, रोगाचे मूळ घाणीत आहे आणि घाणीचे मूळ लोकांच्या सवयींत आहे. 1897 च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरे तपासली गेली, सामान जाळले गेले, माणसे उचलून रुग्णालयांत आणि छावण्यांत नेली गेली. गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बॉलिक ॲसिड सोडण्यात आले. पुण्यात याच तपासण्यांनी लोक किती दुखावले आणि 22 जून 1897 च्या रात्री रँडवर गोळी कशी झाडली गेली, हे महाराष्ट्रात निराळे सांगावयास नकोच.

आणि रोगाचे खरे कारण? 1898 मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने सांगितले की, हा रोग उंदरावरची पिसू पसरवते. प्रथम त्याचे कोणी ऐकले नाही. पुढे 1905 पासून प्लेग संशोधकांनी मुंबईतच प्रयोग करून ते खरे असल्याचे दाखविले. म्हणजे गटारे धुऊन काढली तेव्हा उंदीर मेले नाहीत, ते बाहेर पडून घरांत पळाले असले पाहिजेत. ज्यांच्या सवयींना दोष दिला, त्यांचा खरा अपराध एवढाच की, धान्याच्या वखारींजवळ, अंधाऱ्या खोल्यांत, दाटीने राहण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. हा निवाडा देणाऱ्यांनी चुलीपाशी बसून कोणाला काही विचारले नव्हते.

प्लेगाने मुंबईला कचऱ्याची धास्ती मात्र दिली. कचरा शहरापासून दूर हवा, असे ठरले. आणि दूर म्हणजे पूर्वेकडच्या खाडीकाठची खाजणे. 1906 मध्ये कुर्ला ते चेंबूर लोहमार्ग झाला, तो कचऱ्याच्या गाड्यांसाठी. माणसांना त्यावरून प्रवास करावयास मिळाला तो 1924 मध्ये. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आमच्या उपनगराच्या या कोपऱ्यात शहरातून प्रथम केर आला, माणसे मागाहून आली. देवनारच्या कचराभूमीची अधिकृत नोंद 1927 पासूनची आहे. 132 हेक्टरांच्या त्या जागेत साठलेला कचरा अलीकडच्या मोजणीप्रमाणे 185 लाख टनांच्या घरात गेला. मलबार हिलपासून मुलुंडपर्यंतच्या घरांच्या सवयींची ही खतावणीच म्हणा ना! कोणी काय खाल्ले, काय वापरले, काय अर्धे टाकले, ते सारे तिथे जमा आहे. 1971 मध्ये वांद्र्याचा कत्तलखानाही देवनारला आला. जानेवारी 2016 मध्ये त्या ढिगाला आग लागली तेव्हा धूर शहरभर पसरला, आणि ज्यांना देवनार कोणत्या दिशेला आहे हे ठाऊक नव्हते त्यांनाही ते समजले.

परंतु देवनारला केवळ केर आला नाही. 1936 मध्ये नागपाड्याला सुरू झालेली समाजकार्याची शाळा, म्हणजे आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, 1954 मध्ये येथे आली. 1956 मध्ये स्थापन झालेल्या लोकसंख्याविज्ञान संस्थेचा संसारही पुढे देवनारलाच थाटला. सुंट ज्या दोन वाटांनी चालला, चुलीपाशी बसून विचारणे आणि आकडे मांडणे, त्या दोन्ही वाटा योगायोगाने आमच्या गावात येऊन मिळाल्या आहेत. या दुसऱ्या संस्थेच्या देखरेखीखाली 1992-93 पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होत आली. तीत पाणी कोठून आणता, संडास कोणता, चूल कशावर पेटते, हे विचारतात. अलीकडच्या पाहण्यांत तर हात धुण्याची जागा कोठे आहे, तेथे पाणी आणि साबण आहे काय, हे पाहणारा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहितो. साबण वापरता का, असे नुसते विचारण्यात आणि पाणी आहे का, हे पाहण्यात जो फरक आहे, तोच आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे.

कारण 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातील सर्व विभागांत तळाशी राहिला तो आमचाच, एम पूर्व, विभाग. शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफिकनगर या वस्त्यांविषयी ‘या लोकांना सवयच नाही’ हे वाक्य आम्ही बसमध्ये, बँकेच्या रांगेत आणि सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात ऐकले आहे. खरे सांगायचे तर एके काळी आम्हीही ते उच्चारले आहे. मग एका सकाळी कामानिमित्त त्या वस्तीत जाणे झाले. गल्लीत विकतच्या पाण्याची पिंपे भरून ठेवली होती. एक बाई तांदूळ धुतलेले पाणी जपून बाजूला ठेवीत होत्या. आम्ही कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “याने भांडी विसळते, भाऊ. मग तेच दाराबाहेर ओतते. नळाचं पाणी आलं असतं तर मीही तुमच्यासारखं वाहू दिलं असतं!” आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमच्या घरी त्या सकाळी नळ चालू ठेवूनच दाढी झाली होती.

यावर कोणी विचारील, मग सर्वच चालीरीती निर्दोष समजावयाच्या काय? मुळीच नाही. उघड्यावर केर टाकणे वाईटच. लोकहितवादी आणि आगरकर यांनी आपल्या समाजाच्या सवयींवर कोरडे ओढले ते योग्यच केले. पण ते स्वतःच्याच समाजाला, स्वतःच्याच घराला बोलत होते. सुंटही लोकांची खोटी स्तुती करीत नसे. त्याचे म्हणणे एवढेच की, सवय बदलावयाची असेल तर आधी तिचे कारण शोधा. कारण पाण्यात असेल तर पाणी द्या, जागेत असेल तर जागा द्या, आणि अज्ञानात असेल तर मगच शिकवण द्या. क्रम उलटा झाला की उपदेश शिल्लक राहतो, आणि कचरा होता तिथेच राहतो.

श्रोतेहो, आज घरी गेल्यावर रात्रीचा केर बाहेर ठेवताना क्षणभर थांबावे, एवढीच विनंती. ओला-सुका निराळा केला आहे काय, हे पाहावे. उद्या तो ज्या हातांनी निवडला जाईल, ते हात बहुधा देवनारच्या एखाद्या बाईचे असतील. तिच्या सवयींविषयी आपण पुष्कळ बोलतो. आपल्या सवयींविषयी तिला जेवढे ठाऊक आहे, तेवढे मात्र आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नाही.