बालबाप्तिस्मा
ख्रिस्ती मातापित्यांच्या अपत्याला, त्याने स्वतः विश्वास प्रकट करण्यापूर्वीच, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने दिला जाणारा आणि त्याला मंडळीत, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समुदायात, सामावून घेणारा संस्कार. कॅथलिक मतानुसार त्याने मूळ पापाचे क्षालन होते, तर प्रेस्बिटेरियन परंपरा त्यात ईश्वराने विश्वासी कुटुंबाशी केलेल्या कराराची खूण पाहते. बॅप्टिस्ट मात्र वैयक्तिक कबुलीवाचून झालेला बाप्तिस्मा मानत नाहीत. नागपूर येथे 29 नोव्हेंबर 1970 रोजी स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने बालबाप्तिस्मा आणि वैयक्तिक कबुलीनंतरचा बाप्तिस्मा या दोन्ही पद्धती एकत्र नांदवल्या, ही गोष्ट ख्रिस्ती जगात विरळाच.

महाराष्ट्रात बाप्तिस्म्याने कोणत्या समुदायात जायचे हा प्रश्न अधिक तीव्र होता, कारण बाप्तिस्म्याने, किंबहुना मिशनऱ्यांच्या सहवासानेही, जात सुटे. 1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, पण त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत याला बाप्तिस्म्यापूर्वीच न्यायालयाने पालकांच्या हवाली केले आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, या समाजसुधारक बाळशास्त्री जांभेकरांच्या भूमिकेवरून ब्राह्मणवर्गात मोठा वाद माजला. नारायण शेषाद्री यांनी पुढे मराठवाड्यात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली.