पर्यावरणाची इंग्रजी कानांपर्यंत कशी आली

1889 साली फ्रँकफुर्टमध्ये लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर एका पाळीव पक्ष्याचे गाणे टिपले. तो पक्षी होता शामा, कोकण-गोव्याच्या दाट रानात आजही गाणारा. पक्ष्याच्या आवाजाचे हे जगातले सर्वांत जुने ज्ञात ध्वनिमुद्रण. पर्यावरणाचे इंग्रजी शब्द ऐकवून शिकवण्याच्या पद्धतीचा मागोवा मी ह्या मुलापासून घेतो, कारण निसर्गाचा आवाज आणि त्याविषयीची भाषा एकत्र बांधण्याचे मोठे काम पुढे त्यानेच केले.

नाझी राजवटीतून सुटून कॉख 1936 मध्ये इंग्लंडला आला. त्याच वर्षी मॅक्स निकल्सन ह्या पक्षितज्ज्ञाबरोबर त्याने रानपक्ष्यांच्या गाण्यांवर एक पुस्तक काढले. पुस्तकासोबत ग्रामोफोनच्या तबकड्या होत्या. वाचकाने वर्णन वाचायचे, तबकडी लावायची, ऐकायचे आणि पुन्हा वर्णनाकडे यायचे. युद्धाच्या काळात कॉख बीबीसीवर बोलू लागला. त्याच्या इंग्रजीवरचा जर्मन हेल कधी गेला नाही आणि श्रोत्यांना तो अतिशय आवडे. इंग्रज माणसाला स्वतःच्या कुंपणावरचे पक्षी कान देऊन ऐकायला लावणारा हा माणूस स्वतः इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकलेला होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. निकल्सन पुढे 1961 मध्ये वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या संस्थापकांपैकी एक झाला.

भाषा शिकवणाऱ्यांच्या घरात मात्र ह्या काळात निसर्गाला थारा नव्हता. ध्वनिमुद्रणाच्या साहाय्याने भाषा शिकवणारी लिंग्वाफोन कंपनी 1901 मध्ये लंडनमध्ये निघाली. तिचे धडे घडत ते हॉटेलात, स्टेशनात, दुकानात. ढाक्यात शिक्षणखात्यात असलेल्या मायकेल वेस्टने तर ऐकणे-बोलणे मागे ठेवून वाचनावर भर दिला. बंगालच्या मुलाला इंग्रजी लागणार ती पुस्तकातून ज्ञान मिळवायला, असा त्याचा हिशोब होता आणि त्या परिस्थितीत तो अगदी चुकीचाही नव्हता. ह्याच वेस्टची सुमारे 2000 शब्दांची यादी 1953 मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांचा पाया ठरली. तिच्यात ‘एन्व्हायर्नमेंट’ हा शब्द नाही. 2000 साली न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेडने उच्च शिक्षणाला लागणाऱ्या शब्दांची यादी केली. वेस्टचे शब्द वगळून केलेल्या ह्या यादीच्या पहिल्याच, सर्वाधिक वापराच्या गटात ‘एन्व्हायर्नमेंट’ आहे. मधल्या अर्धशतकात जे घडले, ते ह्या दोन याद्या शेजारी ठेवल्या की दिसते.

त्या अर्धशतकात हा शब्द शिकणाऱ्यांच्या कानांवर घालण्याचे मोठे काम केले रेडिओने. बीबीसीचे रेडिओवरून इंग्रजी शिकवणे 1943 पासूनच सुरू होते. पण खरी कलाटणी मिळाली 19 ऑक्टोबर 1959 रोजी. त्या दिवशी व्हॉइस ऑफ अमेरिकाने ‘स्पेशल इंग्लिश’मधून बातम्या द्यायला सुरुवात केली. शीतयुद्धाचे दिवस होते आणि अमेरिकेची बाजू इंग्रजी जेमतेम येणाऱ्यांपर्यंत पोचवायची होती. भाषा शिकवणे हा मूळ हेतूच नव्हता. शॉर्टवेव्हवर आवाज कमी-जास्त होई, खरखर येई, म्हणून काही नियम ठरले. शब्दसंग्रह साधारण 1500 शब्दांचा, बोलण्याचा वेग नेहमीच्या दोन-तृतीयांश, वाक्ये आखूड, एका वाक्यात एकच गोष्ट, वाक्प्रचार वर्ज्य. हे ऐकून आपल्याला इंग्रजी येऊ लागली आहे, हे श्रोत्यांनीच ओळखले.

मग जगाच्या बातम्याच बदलल्या. 1962 मध्ये रेचल कार्सनचे कीटकनाशकांवरचे ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक आले, 1970 मध्ये पहिला वसुंधरा दिन साजरा झाला, 1972 मध्ये स्टॉकहोमची पर्यावरण परिषद भरली. 1500 शब्दांत बसणारी बातमी द्यायची आणि विषय कीटकनाशकांचा किंवा ओझोनचा, असा पेच उभा राहिला. पुढे ह्या कार्यक्रमाच्या शब्दपुस्तिकेत ‘एन्व्हायर्नमेंट’ आणि ‘पोल्यूट’ हे शब्द सोप्या अर्थासह दाखल झाले, आणि पर्यावरणाचा वेगळा साप्ताहिक कार्यक्रमही आला. जे शब्द यादीत नसत, ते वाक्यातच उलगडावे लागत. मला ह्या साऱ्या वंशावळीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

उदाहरण म्हणून ‘ॲसिड रेन’ घेऊ. हा शब्दप्रयोग मँचेस्टरच्या रॉबर्ट अँगस स्मिथ ह्या रसायनतज्ज्ञाने 1872 च्या आपल्या पुस्तकात केला होता. वरच्या शिस्तीत तो सांगायचा झाला, तर निवेदन साधारण असे होईल: कारखान्यांतून धूर निघतो. धुरातले वायू हवेतल्या पाण्यात मिसळतात. ते पाणी पाऊस होऊन पडते. त्याने झाडे मरतात, तळ्यांतले मासे मरतात. शास्त्रज्ञ ह्या पावसाला ‘ॲसिड रेन’ म्हणतात. शब्द सर्वांत शेवटी येतो. तोवर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर धूर, पाणी, पाऊस आणि मेलेले मासे उभे राहिलेले असतात, त्यामुळे नाव कानावर पडताच ते ठेवायला जागा तयार असते. शब्द आणि अर्थ ह्यांच्या दोन रकान्यांच्या यादीतून हे होत नाही.

पुढे कॅसेट आली, सीडी आली आणि वर्गात ऐकण्याचा तास आला. तो तास बहुतेक ठिकाणी परीक्षेचा तास झाला. ध्वनिफीत लावा, गाळलेल्या जागा भरा, उत्तर बरोबर की चूक ते पाहा. जॉन फील्डने 2008 च्या आपल्या पुस्तकात ह्यावर नेमके बोट ठेवले: अशा तासात ऐकणे तपासले जाते, शिकवले जात नाही. उत्तर चुकलेल्या मुलाला नेमके काय ऐकू आले नाही, हे कोणी विचारत नाही.

पर्यावरणाच्या शब्दांबाबत तर हे विचारावेच लागते. ‘ड्राउट’ हा शब्द ज्याने फक्त वाचला आहे, तो त्याच्या स्पेलिंगवरून भलताच उच्चार मनात धरतो आणि रेडिओवर दुष्काळाची बातमी लागली तरी ओळखत नाही. ‘ग्रीनहाउस’चे तसेच. ‘ग्रीन’वर जोर दिला तर ते रोपांचे काचघर, ज्याच्यावरून हरितगृह वायूंना नाव पडले. ‘हाउस’वर जोर गेला तर नुसते हिरव्या रंगाचे घर. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ असा बदलत नाही, म्हणून आपल्या मुलांच्या कानाला हा फरक मुद्दाम ऐकवावा लागतो. पुस्तकाच्या पानावर तो सापडणे अवघड.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली 2000 साली. त्याआधी 1991 मध्ये एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळांत पर्यावरण शिकवण्याचा आदेश दिला होता आणि आकाशवाणी-दूरदर्शनवरही त्याविषयीचे छोटे कार्यक्रम रोज असावेत असे म्हटले होते. म्हणजे विषय होता, भाषा होती, रेडिओही होता. तरी पर्यावरण एका तासाला आणि इंग्रजी दुसऱ्या तासाला असेच बहुतेक शाळांत राहिले. दुष्काळ, टँकर, आटलेली विहीर मराठवाड्यातल्या मुलाला कोणी समजावून सांगायला नको. त्याला अर्थ आधीच ठाऊक आहे. कमी आहे ती त्या अर्थाला जोडून ऐकवलेल्या इंग्रजीची.

स्पेशल इंग्लिशचे नाव 2014 मध्ये ‘लर्निंग इंग्लिश’ झाले. मार्च 2025 मध्ये अमेरिकी सरकारच्या आदेशानंतर व्हॉइस ऑफ अमेरिकाचे बहुतेक कर्मचारी रजेवर पाठवले गेले आणि ह्या कार्यक्रमांचा ओघ थांबला.

पद्धत मात्र कोणाच्या मालकीची नाही. इंग्रजीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: आठवड्यातून एकदा आपल्याच तालुक्यातली पाण्याची, जंगलाची किंवा कचऱ्याची एक बातमी घ्या आणि ती सात-आठ आखूड इंग्रजी वाक्यांत स्वतः तयार करा. संथ आवाजात तीनदा वाचा. नवा शब्द आधी उलगडा, मग उच्चारा. फळ्यावर तो लिहा सर्वांत शेवटी, मुलांनी तो ओळखून म्हटल्यावर.